डू प्लेसीचं कूळ आणि मूळ

जुनाट_नकाशा

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. क्रिकेटपटूंच्या बाबतीत तशी मनाई कुणी घातलेली नाही, म्हणून हा धागा काढतोय.

फाफ डू प्लेसी २०१६ आणि २०१७ मध्ये पुण्याच्या संघात होता, तेव्हा आपल्या पेपरांत त्याचं नाव कधी ‘डुप्लेसिस’ तर कधी ‘डु प्लेसिस’ असं छापून यायचं. शेवटचा एस मुका आहे, कारण आडनाव फ्रेंच. (अस्सल फ्रेंच उच्चार ‘द्यु प्लेसी’च्या जवळ जातो. मी सगळीकडे डू प्लेसीच लिहिणार आहे, जाणकारांनी चालवून घ्यावं.) पण प्रिटोरियात जन्मलेल्या, आफ्रिकान्स बोलणाऱ्या गड्याला फ्रेंच आडनाव मिळालं कसं? त्याच्याच शाळेतल्या एबीला डिव्हिलियर्स कसं? हे शोधायला लागलो आणि थेट मध्ययुगीन फ्रान्समधल्या शेताच्या बांधावर पोचलो.

‘प्लेसी’ म्हणजे विणलेलं कुंपण. लॅटिनमधल्या ‘गुंफणे’ अर्थाच्या धातूपासून जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द आला. हिवाळ्यात बांधावरच्या झुडपांची खोडं बुंध्याशी कोयत्याने तिरकी कापायची, पण पुरती तोडायची नाहीत. साल आणि थोडं लाकूड शिल्लक ठेवायचं. मग ते खोड आडवं वाकवायचं आणि रोवलेल्या खुंटांमधून एकदा पुढून, एकदा मागून असं ओवत न्यायचं. झाड मरत नाही. वसंतात त्या आडव्या खोडाला उभे धुमारे फुटतात आणि काही वर्षांत अशी घट्ट जाळी होते की गुराढोरांची आत शिरायची छाती होत नाही. आधी या कुंपणाला प्लेसी म्हणत, मग कुंपणाच्या आतल्या जागेला, मग त्या जागेतल्या वाड्याला, आणि शेवटी वाड्याभोवती वसलेल्या गावाला.

त्यामुळे फ्रान्सच्या उत्तर आणि पश्चिम भागात प्लेसी नावाची गावं, वाड्या आणि गढ्या रग्गड आहेत. तूरजवळच्या प्लेसीत फ्रान्सचा राजा अकरावा लुई १४८३ मध्ये वारला. आंजूमधला प्लेसी-बूरे हा खंदकाने वेढलेला देखणा किल्ला पंधराव्या शतकातला. पॅरिसला खेटून असलेलं एक गाव १९०९ पर्यंत प्लेसी-पिके होतं. एकोणिसाव्या शतकात तिथे झाडांवर मचाणं बांधून खानावळी निघाल्या, रॉबिन्सन क्रूसोच्या नावाने त्या गाजल्या, आणि सरकारदरबारी गावाचं नावच प्लेसी-रॉबिन्सन झालं!

आता आडनाव. ‘डू’ म्हणजे ‘चा’. प्लेसीचा अमुक तो डू प्लेसी. अकराव्या-बाराव्या शतकापासून नुसत्या पिएर आणि झां या नावांवर भागेना, तेव्हा बापाचं नाव, धंदा, अंगलट किंवा गाव मागे लागू लागलं आणि हळूहळू ते पिढीजात झालं. म्हणजे जितकी प्लेसी गावं, निदान तितके या आडनावाचे उगम. नॉर्मंडीतला डू प्लेसी आणि पोआतूतला डू प्लेसी एकमेकांचे कुणीही लागत नाहीत. मला या आडनावात सगळ्यात गंमत वाटते ती याची: फ्रान्समध्ये ते कूळ सांगतच नाही, फक्त कुंपण सांगतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपला गेलं आणि तिथे मात्र खरोखरीचं कूळ झालं.

मधल्या इतिहासात दोन डू प्लेसी एकमेकांसमोर उभे राहावेत हा योगायोग झकास आहे. एक फिलिप द मोर्ने, १५४९ चा जन्म, प्लेसी-मार्ली या जहागिरीचा मालक, म्हणून सगळे त्याला डूप्लेसी-मोर्नेच म्हणत. हा ह्युगनॉट, म्हणजे फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांचा मोठा पुढारी, चौथ्या हेन्रीचा सल्लागार. इतका वजनदार की विरोधक त्याला ह्युगनॉटांचा पोप म्हणून चिडवायचे. सोम्यूरला त्याने प्रॉटेस्टंटांची विद्यापीठवजा अकादमी काढली. दुसरा आर्मां-झां डू प्लेसी, १५८५ चा जन्म. याला जग कार्डिनल रिशेल्यू म्हणून ओळखतं, कॅथलिक धर्मगुरू आणि फ्रान्सच्या राजाचा मुख्य प्रधान. त्याने १६२७-२८ मध्ये ह्युगनॉटांच्या ला रोशेल बंदराला वेढा घातला, समुद्रात लांबच लांब बांध घालून रसद तोडली. सत्तावीस हजारांच्या आसपास वस्तीचं शहर शरण आलं तेव्हा पाचेक हजार माणसं उरली होती.

पुढे ऑक्टोबर १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना संरक्षण देणारं १५९८ चं फर्मान रद्द केलं. दीड-दोन लाख ह्युगनॉट देश सोडून पळाले. डच ईस्ट इंडिया कंपनीला (वेंगुर्ल्यात वखार घालून बसली होती तीच) केपच्या ठाण्यावर शेती करायला माणसं हवी होती. जहाजाचं भाडं माफ, जमीन फुकट, बदल्यात निष्ठेची शपथ आणि किमान पाच वर्षं राहायची अट. १६८८-८९ मध्ये दीडशे-दोनशे फ्रेंच माणसं तिथे उतरली. जानेवारी १६८८ च्या अखेरीस मिडलबर्गहून निघालेलं ‘ओस्टरलँड’ जहाज एप्रिलअखेर टेबल बेला लागलं. त्यावर पोआतूतल्या पोआतिए शहराचा एक शल्यवैद्य होता, झां प्रियर डू प्लेसी. बरोबर बायको मादलेन मेनांतो. प्रवासातच त्यांना मुलगा झाला, शार्ल. दक्षिण आफ्रिकेतले आजचे बहुतेक सारे डू प्लेसी आपली वंशावळ या एका माणसापाशी नेतात.

लक्षात घ्या, नावात ‘प्रियर’ही होतं. पोरानातवंडांनी ते टाकलं आणि शेपूट ठेवलं. नाहीतर चिन्नास्वामीवर लोक ‘प्रियर, प्रियर’ ओरडले असते.

स्लिप_कॉर्डन

कडक धागा! फाफचा मेहुणा हार्डस विल्यून, तोही फ्रेंचच का? आणि हॅन्सी क्रोन्ये? नॉर्क्ये? सगळ्यांचा हिशोब एकदाच लावून टाका.

जुनाट_नकाशा

सगळे फ्रेंच. विल्यून मुळात व्हियों. फ्रांस्वा व्हियों तर ह्युगनॉटांच्या लाटेच्या बराच आधी, १६७१ लाच केपला पोचला होता. क्रोन्ये मुळात क्रोनिए, नॉर्क्ये मुळात नूर्तिए. रग्बीवाला पिनार मुळात पिनार्, जॉर्डान मुळात झूर्दां, सेनेकल मुळात सेनेशाल. डिव्हिलियर्स हे ला रोशेलच्या बाजूचे तीन भाऊ, पिएर, अब्राहम आणि झाक, १६८९ मध्ये आले. म्हणजे पुढे एबी आणि फाफ ज्या घराण्यांतून निघाले, ती केपला वर्षभराच्या अंतराने उतरली.

कोकणी_गडी

कुंपणाचं वाचून आमची वई आठवली. पावसाळा संपला की काट्याची शिरडं तोडून परसाभोवती वई घालायची, हात रक्ताळून निघायचे. पण आमची वई मेलेली, दरवर्षी नवी घालावी लागते. यांची जिवंत, दरवर्षी दाट होत जाणारी. बेष्ट आयडिया आहे. पण एक शंका: कुंपण तर प्रत्येक शेताला असणार, मग काही गावांनाच हे नाव का चिकटलं?

जुनाट_नकाशा

कारण नाव शेताच्या कुंपणावरून पडलं नाही, मालकाच्या कुंपणावरून पडलं. राखीव रान किंवा गढी यांच्याभोवतीची ही वीण बचावासाठीही असायची. आसपासच्या उघड्या वस्तीत ती उठून दिसे. लोकांना सांगायला खूण मिळाली.

काथ्याकूट

इतकं लिहून मुख्य गोष्ट टाळलीत. फाफ हा कार्डिनल रिशेल्यूच्या घराण्यातला आहे, हे मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. दोन्ही पोआतूकडचे, दोन्ही डू प्लेसी. शिवाय नावात ‘डू’ आहे म्हणजे सरदार घराणं असणारच. जहागीरदार शल्यवैद्य धर्मासाठी परागंदा झाला, हे पटण्यासारखं आहे.

जुनाट_नकाशा

पटण्यासारखं आहे, पुरावा मात्र नाही. नाव सारखं आणि मुलूख जवळचा, एवढ्यावर सोयरीक जमत नाही. पोआतू आणि आसपास प्लेसी नावाच्या जागा खंडीभर आहेत.

आणि रिशेल्यूचं घराणं तरी बघा. कार्डिनल पडला ब्रह्मचारी. त्याची डचेशाही गेली बहिणीच्या नातवाला. ते लोक मुळात व्हिन्यरो. पदवीसाठी त्यांनी डू प्लेसी हे नाव आणि चिन्ह उचललं. म्हणजे पुढचे सगळे ड्यूक द रिशेल्यू हे पुरुषवंशाने डू प्लेसी नव्हतेच. त्यांच्यातला एक, आर्मां-एमान्युएल डू प्लेसी, क्रांतीनंतर रशियाच्या चाकरीत गेला. १८०३ मध्ये ओडेसाचा गव्हर्नर झाला आणि त्या नव्या बंदराची अशी घडी बसवली की १८२८ मध्ये लोकांनी त्याचा पुतळा उभारला. ओडेसाच्या त्या प्रसिद्ध पायऱ्यांच्या माथ्यावर रोमन झगा घालून उभा आहे तो हाच. ओडेसात त्याला नुसतं ‘द्युक’ म्हणतात. नंतर तो फ्रान्सला परतला आणि पंतप्रधानही झाला. थोडक्यात, या आडनावाचा सगळ्यात लखलखीत माणूस आडनावाने दत्तकच!

मंजिरी_ल

धागा आवडला. फ्रेंच शिकवते, म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

काथ्याकूट, ‘डू’ किंवा ‘द’ म्हणजे सरदारकी हा समज फ्रान्समध्येही पक्का आहे आणि तितकाच पोकळ आहे. ‘डू’ने फक्त जागा कळते. विहिरीजवळ राहणारा शेतकरी ड्यूप्युई, पुलाजवळचा ड्यूपाँ, ओकच्या राईजवळचा ड्यूशेन. यात कोण सरदार? पण समज इतका घट्ट की लोकांनी त्याचा फायदाही उठवला. नॉर्मंडीतल्या एका फेरीवाल्याची मुलगी होती, आल्फोंसीन प्लेसी, जन्म १८२४. पॅरिसला गेली, तिथल्या बड्या लोकांत वावरू लागली, आणि स्वतःचं नाव मारी डूप्लेसी करून घेतलं. एका ‘डू’ने बाई खानदानी झाली. क्षयाने तेविसाव्या वर्षी गेली. धाकट्या द्यूमाची कादंबरी आणि तिच्यावरून बेतलेला व्हर्दीचा ऑपेरा, दोन्ही तिच्यावरूनच सुचलेले.

दुसरं म्हणजे हे नाव भाषेच्या सीमेवर रूप पालटतं. पिकार्डीत प्लेसिए होतं. ब्रिटनीच्या पश्चिम टोकाला, जिथे ब्रेटन बोलतात, तिथे अशा जागेला केंकीझ म्हणतात, त्यावरून केंकीस हे आडनाव. म्हणजे एखादा केंकीस आणि एखादा डूप्लेसी यांच्या आडनावांत एका अक्षराचं साम्य नाही, पण दोघांचे पूर्वज एकाच तऱ्हेच्या कुंपणाशेजारी राहायचे. नुसत्या स्पेलिंगवरून भाऊबंद शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

काथ्याकूट

बरं बाई, सरदारकी मागे घेतो. शल्यवैद्य तरी राहू द्या.

जुनाट_नकाशा

शल्यवैद्य पक्का आहे. पण त्या काळचा शल्यवैद्य म्हणजे हाड बसवणारा, गळू फोडणारा, नस उघडून रक्त काढणारा कारागीर. विद्यापीठात लॅटिन शिकलेले डॉक्टर त्याला आपल्या पंक्तीला बसवत नसत. जहाजावर आणि वसाहतीत मात्र त्याच्यावाचून पान हलत नसे.

अवांतर: आफ्रिकेचा रग्बीपटू यानी डू प्लेसी हा रीतसर डॉक्टरकी शिकलेला, प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे. तीनशे वर्षांनी का होईना, हात धंद्यावर परत आला.

केपवाली

एरवी नुसती वाचत असते, आज लिहिते, विषय घरचा निघालाय. अकरा वर्षं केप टाउनला आहे.

इथून तासाभरावर फ्रान्सहूक आहे, ‘फ्रेंचांचा कोपरा’. आधी त्याला हत्तींचा कोपरा म्हणत, तिथे हत्तींचे कळप असत. तीन बाजूंनी डोंगर आणि मधे द्राक्षमळे. मळ्यांची नावं वाचली तर वाटेल फ्रान्सचा नकाशाच फाडून पसरलाय: शाम्पान्य, बूर्गोन्य, ला मोत. गावाच्या टोकाला ह्युगनॉट स्मारक आहे, तीन उंच कमानी आणि त्यांच्यापुढे बाईचा पुतळा, १९४८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. शेजारच्या संग्रहालयात रविवारी आजोबा नातवंडांना धरून आणतात आणि यादीतल्या आडनावावर बोट ठेवून दाखवतात. एकदा माझ्यासमोर एका आजोबांनी बोट ठेवलं, नातू म्हणाला, ‘ओपा, यात एस जास्त आहे.’ घरात कुणी कधी उच्चारलाच नसेल तर तो बिचारा काय करणार!

पण फ्रेंच बोलणारं इथे कुणी सापडायचं नाही. कंपनीने सुरुवातीपासून फ्रेंचांना एकगठ्ठा वसू दिलं नाही, डचांच्या शेतांमध्ये पेरून टाकलं. १७०१ च्या सुमारास ठरलं की शाळेत आणि चर्चमध्ये डचच चालणार. दोन-तीन पिढ्यांत भाषा गेली. आडनावं, मळ्यांची नावं आणि वाइन, एवढं राहिलं. आज इथले डू प्लेसी कट्टर आफ्रिकान्सभाषक. आणखी एक सांगायला हवं. हे आडनाव इथे फक्त गोऱ्यांचं नाही. कलर्ड, म्हणजे मिश्रवंशीय, समाजातही आहे, आणि त्यामागे गुलामगिरीचा इतिहास आहे. मळ्यांवर राबणाऱ्यांना मालकाचं नाव चिकटलं, कुठे मालकाचं रक्तही. संग्रहालयाच्या वंशावळीत त्या फांद्या सहसा दिसत नाहीत.

जुनाट_नकाशा

केपवाली, शेवटच्या चार ओळी फार मोलाच्या. ‘एका माणसाचे सगळे वंशज’ हे मी वर लिहिलं ते वंशावळीतल्या नोंदींपुरतं खरं. आडनाव पसरायला लेकरंच व्हावी लागतात असं नाही.

मॉन्ट्रियलचा_मावळा

आमच्याकडचं कुणी लिहिलंच नाही! कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात डूप्लेसी म्हटलं की एकच माणूस, मोरिस डूप्लेसी. १८९० मध्ये त्र्वा-रिव्हिएरला जन्म, १९३६ ते ३९ आणि मग १९४४ ते थेट १९५९ ला मरेपर्यंत क्वेबेकचा मुख्यमंत्री. चर्चचा लाडका, कामगार संघटनांचा कर्दनकाळ. त्याच्या कारकिर्दीला इथे ‘महाअंधार’ म्हणतात. अनाथाश्रमातली हजारो धडधाकट मुलं केंद्राचं जास्तीचं अनुदान मिळावं म्हणून मनोरुग्ण ठरवून वेड्यांच्या इस्पितळांत कोंबली गेली. त्या मुलांना आजही ‘डूप्लेसीचे अनाथ’ म्हणतात. आडनावाच्या वाट्याला काय काय येतं बघा.

आडनावांचा इथला घोळ वेगळाच. न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंच वसाहतीत, आलेल्या शिपायांना पलटणीत टोपणनाव मिळायचं, ते ‘दी’ लावून जोडायचं. ‘दी’ म्हणजे आपलं उर्फ. उदाहरणार्थ सिर्वा दी डूप्लेसी. अशा घरात पुढे एक भाऊ मूळ नाव ठेवायचा आणि दुसरा उर्फ उचलायचा, म्हणजे सख्खे चुलत भाऊ वेगवेगळ्या आडनावांचे. त्यामुळे इथला एखादा डूप्लेसी कधीच कुठल्या प्लेसीचा नसेल, पणजोबांच्या हवालदाराला ते नाव आवडलं असेल, बस्स.

बिनखर्ची

शंभर डॉलरच्या नोटेवरचा फ्रँकलिन पण डूप्लेसीचाच ना? चित्रकार म्हणतोय मी.

जुनाट_नकाशा

हो. जोसेफ डूप्लेसी, १७२५ मध्ये कार्पांत्रासला जन्म. फ्रँकलिन पॅरिसला अमेरिकेचा राजदूत म्हणून राहत होता तेव्हा १७७८ मध्ये त्याने व्यक्तिचित्र केलं, आणि नोटेवरचा चेहरा त्याच्या हातचाच.

मंजिरी_ल

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर प्लेसीला विसरू नका, आय ऐवजी वाय लिहिणारा. होमर प्लेसी, न्यू ऑर्लिन्स. त्याचे आजोबा बोर्डोहून आलेले फ्रेंच, आजी आफ्रिकी वंशाची. दिसायला हा गोरा, पण लुइझियानाच्या कायद्याने काळा. ७ जून १८९२ रोजी तो मुद्दाम आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि अटक करवून घेतली. नागरिकांच्या समितीने ठरवून केलेला सत्याग्रह होता तो. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल विरोधात दिला: वेगळं ठेवा, पण समान ठेवा, म्हणजे घटनेला बाधा नाही. पुढची जवळजवळ साठ वर्षं, १९५४ च्या निकालापर्यंत, याच आधारावर काळ्यांच्या शाळा, डबे, नळ वेगळे राहिले. जानेवारी २०२२ मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरांनी त्याला मरणोत्तर माफी दिली.

कोकणी_गडी

कुंपण मोडायला निघालेल्या माणसाचंच आडनाव कुंपण. नशीब एकेकाचं.

स्लिप_कॉर्डन

माझा प्रश्न अजून शिल्लक आहे. व्हियोंचा विल्यून झाला, क्रोनिएचा क्रोन्ये झाला, मग डू प्लेसीचं स्पेलिंग जसंच्या तसं कसं टिकलं?

जुनाट_नकाशा

माझा तर्क सांगतो. डच कारकून कानावर पडेल तसं लिहायचा. ज्याला स्वतःला लिहिता येत नव्हतं त्याचं नाव कारकुनाच्या हाती गेलं, आणि पुढच्या पिढीने तेच खरं मानलं. शल्यवैद्याला सही करता येत होती, औषधांचे हिशोब ठेवता येत होते. कागदावर नाव त्याने स्वतः लिहिलं की कारकुनाला फारसा वाव उरत नाही. त्यात ‘डू’ सुटा लिहिला की नाव आपोआप परकं आणि भारदस्त दिसतं, मग कोण कशाला हात लावेल? डू त्वाचंही तसंच झालं असावं. उलट जूबेर, रूसो यांना पुढे ‘डू’ नसूनही ते शाबूत राहिले, म्हणजे माझा तर्क सगळीकडे लागू पडत नाही. केपवाली, संग्रहालयात जुन्या सह्यांचे कागद मांडलेले असतील तर पुढच्या फेरीत जरा निरखून या.

केपवाली

येत्या शनिवारी पाहुण्यांना घेऊन जाणारच आहे. फोटो काढू देत असतील तर इथेच डकवते. नाही दिले तर वहीत उतरवून आणते, एस मोजून.